परसदारचं पान

मी सतरा वर्षांची असताना एका मुलीला अडीचशे वर्षं मागे पाठवलं आणि परत आणायचं राहूनच गेलं.

मूर्खपणा एवढाच असता तर कबुलीजबाब द्यायच्या भानगडीत मी पडले नसते. कादंबरी लिहायला घेणाऱ्या पोरी पुष्कळ, अर्ध्यावर सोडणाऱ्या त्याहून पुष्कळ. पण मी माझी कादंबरी लिहिली ती आमच्या घराण्याच्या कुळाचाराच्या वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर. तीच शाई, तेच अक्षर, आणि अक्कल इतकी दांडगी की भाषासुद्धा तीच.

धारमधल्या जुन्या मराठी घरांत अशी वही असतेच. आमचे पूर्वज सरदारांच्या मागोमाग माळव्यात आले, कारकुनी केली, पुढे संस्थान गेलं, कचेऱ्या गेल्या, आता कोणी मास्तर तर कोणी बँकेत. पण महालक्ष्म्यांना भाज्या किती, वड्याला डाळ कोणती, समईचं तोंड कुठे, हे सगळं वहीत आहे तसंच चालतं. महालक्ष्म्या म्हणजे भाद्रपदातल्या ज्येष्ठागौरी. आमच्याकडे त्यांना कोणी गौरी म्हणत नाही. म्हटलं तर आजी डोळे वटारायची.

आमची वही पणजीच्या काळची. पान उलटलं की पापडासारखा तुकडा हातात यायचा. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, घर आजी चालवायची. माझं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं आहे असं ती सगळ्यांना सांगायची, कारण तिला दिसायचं कमी. अकरावीच्या परीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात तिने जाड पुठ्ठ्याची नवी वही आणवली आणि मला समोर बसवलं. ती तोंडपाठ म्हणायची, मी लिहायचे. ‘आवाहनाचे दिवशी थोरल्या सुनेने मौन धरावे.’ ‘पावले उंबऱ्यापासून देवघरापर्यंत काढावी, मधे खंड पडू देऊ नये.’ महिनाभरात कुळाचार संपला आणि वही अर्धीसुद्धा भरली नाही. आता सतरा वर्षांची रिकामी मुलगी आणि साठ-सत्तर कोरी पानं एका खोलीत ठेवल्यावर दुसरं काय होणार?

माझी नायिका सोळा वर्षांची. मी स्वतः सतराची होते, पण सतरा म्हणजे नायिकेला जरा थोराड, असं माझं मत. तिची वेणी गुडघ्यापर्यंत. माझी खांद्याखाली येईना. तर ती आवाहनाच्या दिवशी महालक्ष्म्यांची पावलं काढते. ही पावलं दारातून आत येतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझी नायिका मात्र, बघू तरी काय होतं, म्हणून त्यांच्यावरून उलटी चालत जाते, देवघराकडून उंबऱ्याकडे, आणि उंबरा ओलांडते ती थेट मराठे माळव्यात नुकते आले त्या काळात पोचते. आजही सांगते, कल्पना वाईट नव्हती. बाकी सगळं वाईट होतं.

तिकडे गेल्या गेल्या ती घोड्यावर बसते. मी तोवर सायकलच्या कॅरिअरखेरीज कशावर बसले नव्हते. धारहून धरमपुरीला ती अर्ध्या तासात पोचते, कारण आमच्या बसला तीन तास लागले होते आणि घोडा बसपेक्षा जोरात धावतो याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. वाटेत धामनोदला थांबून शेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे, खाते. नर्मदेवर नावाडी नाही म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडावर बॅटरीचा उजेड पाडून त्याला घाबरवते. बॅटरी परकराच्या खिशात होती. परकराला खिसा कोणी शिवला ते विचारू नका. खलनायकाला आमच्या भूमितीच्या मास्तरांच्या मिशा. घोडा लंगडतो तेव्हा नायिका तीन पानं रडते, आणि लिहिताना मी तिच्यापेक्षा जास्त रडले.

शेवटी असं झालं की घोडा लंगडा, बाहेर शिपाई आणि ही तबेल्यात गवताखाली लपलेली. आता हिला परत आणायचं कसं? तिकडून तिला काही करता येईना. तेव्हा इकडे घरच्यांनीच काहीतरी करायला हवं, अशी मी तोड काढली. वडिलांनी वही उघडलीच तर कुळाचारच वाटावा म्हणून पान पूर्ण आजीच्या आवाजात लिहिलं:

‘महालक्ष्म्यांचे जेवणाचे दिवशी परसदाराशी एक पान वेगळे मांडावे. आदले दिवशी त्या दारात पावलांची एकच जोडी काढावी, तोंड आत. पानात पुरण वाढू नये. मुगाचे डाळीच्या तिखट कचोऱ्या पाच, थोरल्या सुनेने स्वहस्ते तळाव्या. सोबत आले घालून अर्धा कप चहा. दार उघडे ठेवावे. त्या दारातून जी पहिली मुलगी येईल तीस “लांबून आलीस, बैस” असे म्हणून हे पान द्यावे. यात चुकू नये.’

पुरण मला आवडत नसे, कचोरी आवडायची. चहा आमच्या घरात मुलींना मिळत नसे. आणि ‘थोरल्या सुनेने स्वहस्ते’ हा निव्वळ खोडसाळपणा. दादाचं लग्न व्हायचं होतं. जी कोणी वहिनी येईल ती भाद्रपदाच्या उकाड्यात कढईसमोर उभी राहावी, एवढीच माझी साहित्यिक प्रेरणा.

पुढचं प्रकरण उद्या लिहू म्हटलं. तो उद्या लांबला, आणि मग देवासचं स्थळ आलं. लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा मला घाम फुटला: वही तर इथेच राहणार! मी लाल दोरा घेतला आणि कादंबरीची सगळी पानं कडेने शिवून टाकली, गोधडीला घालतात तसे टाके. त्या घाईत शेवटचं पान टाक्यातून सुटलं. सुटलं हे मला कळायला पन्नास वर्षं लागली.

त्याच हिवाळ्यात आजी गेली. वर्ष सरल्यावर दादाचं लग्न झालं आणि नागपूरकडची वहिनी त्या घरात आली. घरात बाईमाणूस एकही नाही. वडील आणि दादा, दोघांनाही पान समोर आलं की कुळाचार झाला, एवढंच कळायचं. वहिनीने सगळं त्या वहीवरून शिकून केलं. “मला सासू नाही, वही आहे,” असं ती हसत सांगायची. आणि मी? माझ्या सासरीही महालक्ष्म्या. त्यामुळे माहेरी दिवाळीत गेले, उन्हाळ्यात गेले, लग्नामुंजींना गेले, दादा गेला तेव्हा गेले. भाद्रपदात मात्र एकदाही नाही.

यंदा गेले. म्हणजे पाठवली गेले. माझ्या सूनबाईने गोड आवाजात सांगितलं, “आई, यंदा मला एकटीला करू द्या ना. तुम्ही किती वर्षांत माहेरी महालक्ष्म्यांना गेला नाहीत.” पन्नास वर्षं मी ‘हे असं नाही, तसं’ म्हणत तिच्या, आणि तिच्याआधी स्वतःच्या, डोक्यावर बसले होते, ही हद्दपारी मला मिळायलाच हवी होती. माझ्यावर नजर ठेवायला नातीला बरोबर दिलं. नात सोळा वर्षांची. सोळा भाज्या चिरण्यातून सुटका, म्हणून ती लगेच तयार.

देवासहून इंदूर, इंदूरला बस बदलून धार. पोरीने सगळी वाट डोकं वर काढलं नाही. मांडीवर इंग्रजी कादंबरी, विटेएवढी.

“काय गं चाललंय त्यात एवढं?”

“आजी, डिस्टर्ब मत कर. तीन मुलं आहेत, वो पास्ट में फँस गए हैं. परत यायचा रस्ताच नाही.”

“हात्तिच्या! मीही एकीला अडकवली होती.”

“कहाँ?”

“मराठ्यांच्या काळात. तबेल्यात.”

तिने पुस्तकात बोट घालून माझ्याकडे पाहिलं. “आजी, फेको मत.”

मग मात्र मला तिला सगळं सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, “ती वही अजून आहे?” मी म्हटलं, असेल. पण मनातून मला खात्री होती की माझा तो पराक्रम कसरीने कधीच खाल्ला असेल.

धारला पोचलो ती आवाहनाची दुपार. घर आता नवं बांधलंय, फरश्या गुळगुळीत, मागचं परसदार तेवढं जुन्या जागी राहिलंय. वहिनी मौनात होती. मला पाहून तिने डोळ्यांनीच ‘या’ म्हटलं आणि पावलं काढायला लागली. मुठीची कड ओल्या पिठात बुडवायची, फरशीवर टेकवायची, वर पाच बोटांचे ठिपके. पूर्वी ती उकिडवी बसून उंबऱ्यापासून देवघरापर्यंत सरसर जात असणार. आता प्लास्टिकचं स्टूल पुढे सरकवत, एक हात भिंतीला, दोन पावलं काढली की थांबायचं, श्वास घ्यायचा. बघवेना मला. देवघरापर्यंत पोचली तेव्हा म्हटलं, झालं बाई एकदाचं. पण ती स्टूल घेऊन मागे वळली, स्वयंपाकघर ओलांडलं आणि परसदारात एकच जोडी काढली. तोंड आत.

“वहिनी, हे काय?”

तिने ओठांवर बोट ठेवलं. मग तेच बोट माझ्याकडे दाखवलं.

मी वाकून ती जोडी पुन्हा पाहिली. वहिनीची सून मागून हसत आली. “आत्या, गंमत करता का? आपलं परसदारचं पान! तुमच्याच घराण्याचं आहे आणि तुम्हाला ठाऊक नाही?”

“कोणी सांगितलं आमच्या घराण्याचं आहे?”

“वहीत आहे ना. उद्या पाच कचोऱ्या आणि चहा. चहाचा मान आख्ख्या धारमध्ये आपल्याकडेच. मी व्हिडिओ टाकला होता आपल्या कुळाच्या ग्रुपवर, तर केवढी चर्चा झाली! इंदूरचे काका म्हणाले, त्या काळात चहा नव्हता, मूळ चाल काढ्याची असणार. आता इंदूरला दोन घरांनी सुरू केलंय. एकाकडे काढा, एकाकडे चहा.”

माझ्या शेजारी नात उभी होती. तिने माझा दंड असा काही चिमटला की वळ उठला.

मग वहिनीच्या सुनेने मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला. “आत्या, तुम्ही आलात ते बरं झालं. आईंचे गुडघे पार गेलेत. डॉक्टरांनी सांगितलंय, उभं राहणं बंद. बाकी सगळं त्या माझ्या हातात देतात, पण त्या कचोऱ्यांना हात लावू देत नाहीत. ‘थोरल्या सुनेने स्वहस्ते’ लिहिलंय म्हणतात. गेल्या वर्षी तळता तळता खाली बसल्या, आम्ही दोघांनी उचलल्या. तुम्ही घरची लेक, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील.”

म्हणजे सतराव्या वर्षी मी विनोद म्हणून लिहिलेली ओळ सत्तरी ओलांडलेल्या बाईला कढईपुढे उभी करत होती. ती ओळ खोटी आहे हे सांगू शकणारी जगात मी एकटी. सांगितलं तर वहिनीचे गुडघे सुटणार, आणि पन्नास वर्षं तिने सासूच्या जागी मानलेली वही म्हणजे एका चावट पोरीची थाप होती, हे तिला कळणार. न सांगावं तर उद्या पुन्हा पाच कचोऱ्या.

दुपारी सगळे जरा आडवे झाले तेव्हा नातीने आणि मी देवघराच्या कपाटातून वही लांबवली. हो, चोरलीच. लाल फडक्यात गुंडाळलेली होती. शेवटचं पान उघडलं तर माझ्या थापेवर हळदकुंकू वाहिलेलं! अक्षरं कुंकवाने लाल झाली होती आणि मी शरमेने.

गच्चीवर जाऊन नातीने केसातली पिन काढली आणि टाके उसवायला घेतले. दोरा पांढरा होता. मला लाल आठवत होता. म्हटलं, विटला असेल, पन्नास वर्षांत माझे केस नाही का विटले. कागदाच्या कडेला भोकंही जरा जास्तच दिसत होती. पण शिवणात मी कधीच हुशार नव्हते.

पोरगी शिकली हिंदी-इंग्रजीत, मराठी वाचताना दर ओळीला ठेच. पण त्या दिवशी ठेचा खात खात धावली. “ति-ने घोड्या-ला टाच मा-र-ली… आजी, टाच यानी एड़ी?… आणि वा-ऱ्या-शी स्पर्धा… आजी! धामनोदला शेव-परमल? तेव्हा? कोई ढाबा था क्या?” बॅटरीशी आली तेव्हा गच्चीवर लोळली. मिशांशी आली तेव्हा मीही लोळले. मग हळूहळू तिचं हसणं थांबलं. घोडा लंगडला तिथे तिने तीच ओळ दोनदा वाचली. तबेल्यात पोचली, गवताखाली शिरली, बाहेर शिपायांचे आवाज आले, आणि मग कुळाचाराचं पान.

“पुढे?”

“पुढे माझं लग्न ठरलं.”

“क्या मतलब लग्न ठरलं? ती अजून तबेल्यातच आहे?”

“असेल.”

“आजी, माझ्या बुकमध्ये तीन जण आहेत, कम से कम एकमेकांशी बोलतात तरी. तुझी तर अकेली है! घोडा पण लंगडा!” तिचे डोळे खरंच भरले होते. मला हसू येईना. माझ्या बावळट कादंबरीला पहिली वाचक मिळाली होती आणि ती माझ्यावर चिडली होती. “आणि तू धारच्या आजीला सांगणार आहेस. त्यांना पण तूच फँसाया है.”

“सांगेन गं.”

“कब?”

“त्यांचं मौन सुटू दे.”

तिने पानं पुन्हा शिवली, माझ्यापेक्षा नीट, आणि आम्ही वही जागच्या जागी ठेवली.

मौन सुटलं तेव्हा दारात हळदीकुंकवाच्या बायका. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायला गेले तर वहिनी सोवळ्यात, “वन्सं, लांब, लांब!” सोवळ्याचे नियमही त्याच वहीत, माझ्याच हातचे; फरक इतकाच की ते खरे होते. अकराला कढई चढली. मी दारातून म्हटलं, “वहिनी, मला द्या झारा, मी तळते.”

“तुम्ही या घरच्या लेक. थोरली सून मी.”

“अहो, कोण बघतंय?”

“वही बघतेय,” ती म्हणाली आणि तोंड वळवून कचोरी सोडली. मला वाटलं, ती हसली. पण धूर होता.

पाचवी कचोरी काढून तिने गॅस बंद केला आणि भिंत धरून उभी राहिली. चेहरा पांढरा. बराच वेळ ती तशीच होती, एक पाय उचलावा की नको या विचारात. ते एक मिनिट मी आयुष्यात विसरणार नाही. त्या मिनिटात सतरा वर्षांची ती मोत्यांच्या अक्षराची बया मला सापडती तर मी तिच्या वेणीला धरून तिला कढईपुढे उभी केली असती. वेणी आखूड होती तरी.

आरती झाली, नैवेद्य झाला. परसदाराशी पान मांडलं गेलं: केळीचं पान, पाच कचोऱ्या, अर्धा कप चहा, वर बशी झाकलेली. दार सताड उघडं. दर वर्षी त्या दारातून कोणी ना कोणी येतंच, वहिनीची सून सांगत होती. दूधवालीची मुलगी आली होती एकदा, एकदा शिकवणीला घर शोधत आलेली कोणाची तरी लेक, एकदा कोपऱ्यावर नव्याने राहायला आलेली शिक्षिका. ती तर पुढे बदली होऊन गेली तरी अजून भाद्रपदात फोन करते.

यंदा कोण येतंय म्हणून आम्ही बसलो. चहा निवायला लागला. एवढ्यात परसदारात पावलं वाजली आणि माझी नात आत आली. जीन्स, केस विस्कटलेले, हातात ती वीट. मोबाईलला रेंज मिळेना म्हणून मागच्या बोळात गेली होती.

वहिनी स्टुलावरून उठली. गुडघे दुखत असतानाही उठली. पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “लांबून आलीस, बैस.”

“धारची आजी, मी तर बस इथे पीछे…” पोरगी बोलता बोलता थांबली. वहिनीच्या चेहऱ्याकडे तिने पाहिलं, मग माझ्याकडे, आणि निमूट पाटावर बसली. पाचही कचोऱ्या खाल्ल्या. चहा बशीत ओतून प्यायली. एरवी चहाचं नाव काढत नाही. बशी खाली ठेवून मला म्हणाली, “आजी, अब बोल.”

आणि मी बोलले. सगळं, एका दमात, खाली फरशीकडे बघत. आजीचं सांगणं, कोरी पानं, परकराचा खिसा, दोरा, सुटलेलं पान. ‘थोरल्या सुनेने’ का लिहिलं तेही. वहिनीची सून दारात आ वासून उभी. इंदूरच्या काढ्याचं आता काय करायचं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, “वहिनी, तो कुळाचार नाही हो. ती माझी थाप आहे. तुम्ही पन्नास वर्षं माझ्या थापेपुढे उभ्या राहिलात. मला काय हवं ते बोला.”

वहिनी पुढे आली. वाकता येत नव्हतं तरी वाकली, नातीपुढचं केळीचं पान उचललं, दुमडलं, सुनेच्या हातात दिलं. मग स्टुलावर सावकाश टेकली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली:

“वन्सं, देवाला चहा लागतो हे मला पटलं असेल असं वाटलं तुम्हाला? पहिल्याच वर्षी उसवले मी ते टाके. या घरात दुसरी बाई नव्हती, दुपार खायला उठायची, तेव्हा तुमची ती पोरगीच होती मला सोबतीला. दर वर्षी उसवते, वाचते, परत शिवते. तुम्ही गेलात देवासला मजेत आणि ती राहिली तबेल्यात, मग कोणीतरी दार उघडं ठेवायला नको? आता ती वही घेऊन जा आणि पुढच्या भाद्रपदाच्या आत तिला घरी आणा. माझ्याच्यानं आता कचोऱ्या तळणं होत नाही.”